काढणारा हात आणि मोजणारा हात

मालाडच्या स्टेशनलगतच्या बाजारात दुकान आणि माल भिवंडीच्या गोदामात, अशी आपल्या कित्येक कुटुंबांच्या व्यापाराची आजची रचना आहे. तिच्यामागे पूर्वी जकातीचे मोठे कारण होते. मुंबईच्या हद्दीत माल आणला की महापालिकेची जकात भरावी लागे. म्हणून बाहेरगावी जाणारा माल काल्हेर, राहनाळ, पूर्णा या भागांतील गाळ्यांतच उतरवणे सोयीचे पडे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र तेथेच राहिली, कारण तेवढी जागा मालाडमध्ये परवडत नाही. पोटमाळ्यावरून माल काढताना मालकाची जी नजर असे, ती घोडबंदर रस्त्यापलीकडे पोहोचत नाही.

नजरेची जागा कागदाने घ्यावी लागते, आणि तेथेच अनेक पेढ्या कमी पडतात. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवली जाते. गोदामातील एकच माणूस माल काढतो, तोच मोजतो, तोच खोकी बांधून टेम्पोत चढवतो. बँकेत व्हाउचर लिहिणारा एक आणि तपासून सही करणारा दुसरा, हा नियम आम्ही कधी मोडू दिला नाही. त्यात कोणाचा अपमान नव्हता. प्रामाणिक माणसाला त्याचाच आधार असे.

परिचयातील एका स्टीलच्या डब्यांच्या व्यापाऱ्याकडे घडलेली गोष्ट सांगतो. गिऱ्हाईकांच्या तक्रारी येऊ लागल्या: बिल 60 डब्यांचे, हाती 50. संशय अर्थातच गोदाम सांभाळणाऱ्या माणसावर गेला. चौदा वर्षांची नोकरी एका संध्याकाळी संपली. पुढे वर्षअखेरीस मालाची मोजणी झाली, तेव्हा गोदामात वहीपेक्षा जास्त डबे निघाले! चोरी झाली असती तर जास्तीचा माल गोदामात उरला नसता. कारखानदाराने खोक्यातील नग 12 वरून 10 केले होते आणि तो माणूस जुन्या सवयीने 60 साठी 5 खोकी देत होता. निरोप पाठवूनही तो परत आला नाही, आणि त्याला दोष कसा द्यावा?

यावरचा उपाय खर्चाचा नाही. माल काढण्याची चिठ्ठी बिलापासून वेगळी असावी आणि तिच्यावर खोकी व नग असे दोन रकाने असावेत. काढणाऱ्याने नुसती बरोबरची खूण न करता प्रत्यक्ष मोजलेला आकडा लिहावा. खोके बंद होण्यापूर्वी दुसऱ्याने, चिठ्ठी न पाहता, पुन्हा मोजावे. गोदामात एकच माणूस असेल तर टेम्पोचालकाकडून खोक्यांची संख्या सहीनिशी घ्यावी आणि उघड्या खोक्याचा फोटो मालाडला मागवावा.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. मालाच्या बिलाच्या तीन प्रती: मूळ ग्राहकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याकडे. राज्याबाहेर 50,000 रुपयांवरील आणि महाराष्ट्रात साधारणतः एक लाखावरील मालाला ई-वे बिल लागते. वाटेत गाडी बदलली तर नव्या गाडीचा क्रमांक त्यात नोंदवावा लागतो, हे ऐन धावपळीत हमखास विसरले जाते. भिवंडीचे गोदाम जीएसटी नोंदणीत व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून दाखवलेले आहे ना, हेही एकदा पाहून घ्यावे.

कॅश क्रेडिट घेणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. बँक आपली उचल मर्यादा स्टॉक स्टेटमेंटवरून ठरवते. पैसे न दिलेला माल वजा होतो, उरलेल्यावर मार्जिन कापले जाते. बँकेचा अधिकारी गोदामात येतो तेव्हा चार खोकी उघडायला सांगतो. त्याच्या आधी, महिन्यातून एकदा, घरातील कोणीतरी जाऊन ती उघडावीत. दरवेळी वेगळी चार निवडावीत, आणि मागच्या थप्पीतली.