वाढून ठेवलेला वाघ

दिवाळीच्या अंकात लिहायचे तर चकली बिघडल्याची किंवा अनारसे हसल्याची हकिकत सांगावी, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. या सदराच्या नेहमीच्या वाचकांनी माझ्याकडून तीच अपेक्षा केली असेल. पण 2025 साली आमच्या घरात गाजला तो फराळ नव्हे, केक. आणि तोही दिवाळीत नव्हे, ऐन श्रावणात. फराळाच्या ताटात केक आणून ठेवल्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

त्याचे असे झाले. आमच्या चिमूचा जन्म 29 जुलैचा. हा दिवस जगभर व्याघ्रदिन म्हणून पाळतात. 2010 साली रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग येथे, ज्यांच्या रानात वाघ आहेत अशा देशांची परिषद भरली होती, तेव्हापासूनची ही प्रथा. शाळेत बाईंनी हे सांगितल्यापासून आपले आणि वाघाचे काहीतरी नाते आहे, अशी चिमूची पक्की समजूत झाली. सहा वर्षे पूर्ण होणार म्हणताच तिने जाहीर केले, "यंदा केक वाघाचा. आणि तो दुकानातला नाही. आपण करायचा."

"दुकानातला नाही" या अटीमागे एक इतिहास आहे. गेल्या वर्षी आम्ही एका दुकानातून सशाचा केक आणला होता. मोठा सुबक ससा. पांढराशुभ्र, कान गुलाबी. सोसायटीतली मुले जमली, गाणे झाले, टाळ्या झाल्या, आणि कुणीतरी चिमूच्या हातात सुरी देऊन ती बरोबर सशाच्या मानेवर टेकवली. पोरीने एकदा सशाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि भोकाड पसरले. पाहुणे खोळंबलेले, केकवरचे लोणी वितळू लागलेले. मी तिचा हात माझ्या हातात धरला आणि ससा कापला. त्या प्रसंगाचा फोटो आहे. त्यात मागची सारी मंडळी टाळ्या वाजवून हसत आहेत आणि मधोमध उत्सवमूर्ती रडत आहे. तिच्या मनगटावर जो मोठा हात दिसतो, तो माझा आहे. हा फोटो मी कुणाला दाखवत नाही.

तेव्हा यंदा केक घरी करायला मंजिरीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तत्काळ होकार दिला. तिचे म्हणणे असे की, आपल्या हातांनी केलेल्या वस्तूचे मुलाला भय वाटत नाही. मलाही ते पटले. मंजिरीचे म्हणणे मला बहुधा पटतेच.

आठवडाभर आधी आईने भिंतीवरचे कॅलेंडर पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "मंगळवारी 29 तारखेला नागपंचमी आहे."

वाचकांपैकी ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांना या वाक्याचे वजन निराळे सांगायला नको. नागपंचमीला चिरायचे नाही, कापायचे नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही, तळण काढायचे नाही. जे खायचे ते उकडलेले. म्हणून तर त्या दिवशी पुरणाची दिंडे करतात. त्यातून आईचे माहेर सांगली जिल्ह्यातले, बत्तीस शिराळ्याच्या बाजूचे. त्या भागात नागपंचमीचा मान दिवाळीच्या बरोबरीचा.

"आई, केक म्हणजे काय भाजी आहे का?" मंजिरी म्हणाली.

"सुरी ती सुरीच," आई म्हणाली.

"मग रविवारी करू या का?"

"वाढदिवस मंगळवारी आहे," चिमू म्हणाली.

पुढचे दोन दिवस घरात कुणीही कुणाला काही बोलले नाही; फक्त भांडी जरा मोठ्याने बोलत होती. दोन्ही पक्षांनी मला एकेकटे गाठून साक्षीला बोलावले. मी आईला म्हणालो, "तुझं बरोबर आहे." मंजिरीला म्हणालो, "तुझंही बरोबर आहे." वीस वर्षे महाविद्यालयात शिकवल्यावर माणसाला एवढे जमू लागते. पण मनातून मी अस्वस्थ होतो. आईने या घरात कधी कशाचा हट्ट धरलेला नाही. मंजिरीही बँकेतून दमून येऊन केकची पुस्तके चाळत होती. दोघींनाही चिमूचेच भले करायचे होते, आणि मध्ये एक सुरी आडवी आली होती.

तिसऱ्या रात्री चिमूने आजीला विचारले, "नागपंचमीला का कापायचं नाही गं?" आजीने कहाणी सांगितली. एक शेतकरी होता. त्याने नागपंचमीच्या दिवशी शेत नांगरले. नांगराचा फाळ वारुळात गेला आणि नागिणीची पिल्ले मेली. त्याला ठाऊकही नव्हते. नागीण परत आली, तिने पिल्ले पाहिली, आणि मग ती कशी रागावली, कुणाकुणाला डसली आणि शेवटी शेतकऱ्याच्या लेकीच्या पूजेने कशी शांत झाली, ते सारे आजीने साग्रसंगीत सांगितले. चिमूने गोष्ट पुरती ऐकली आणि दुसऱ्या दिवशी जेवताना निर्णय दिला, "आई, आपण केक कापायचा नाही. वाघिणीलासुद्धा पिल्लं असतात."

मंजिरीने हातातला घास खाली ठेवला. तिलाही तो ससा आठवला असावा. जरा वेळाने ती म्हणाली, "बरं. पण मग खायचा कसा?"

"वाढवायचा," आई म्हणाली.

मराठीच्या अध्यापकाने यावर एक परिच्छेद खर्च केला, तर वाचक सांभाळून घेतील. आपल्या भाषेला मोडणे, फोडणे हे शब्द शुभ प्रसंगी तोंडातून काढवत नाहीत. देवापुढे नारळ फुटत नाही, तो वाढवतात. बांगडी फुटत नाही, ती वाढते. दुकान बंद होत नाही, ते वाढवतात. त्याच क्रियापदाने आपण ताट वाढतो, आणि त्याच क्रियापदाने मूल वाढते. जन्माच्या दिवसाला आपण नाव दिले तेही वाढदिवस. हे सारे मी वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले आहे. पण या सगळ्या वाढण्यांचा मिळून काही उपयोग होतो, हे मला आईने त्या रात्री आमटीभात कालवता कालवता शिकवले.

"इडलीपात्रात उकड," ती मंजिरीला म्हणाली. "लहान लहान होतील. ते जोडून वाघ मांडायचा. मग ज्याचा त्याने हाताने उचलून घ्यायचा. कापायलाही नको आणि भाजायलाही नको."

मंजिरीने कागद ओढला. मधोमध एक, त्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा. झाला एकोणीस इडल्यांचा गोल चेहरा. वर दोन कान. एकूण 21. आकडा ऐकून आईला गणपतीचे मोदक आठवले आणि तिने समाधानाने मान हलवली. सासू-सुनांचा तह झाला. तहनाम्यावर चिमूने तांबड्या खडूने वाघ काढला.

आता थोडे पाकशास्त्र, कारण पुष्कळ घरांत असा पेच पडत असेल. एक कप दह्यात पाऊण कप साखर विरघळवली. त्यात लहान चमच्याने सव्वा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा सोडा घालून, फेस येईपर्यंत पाच मिनिटे ठेवले. मग अर्धा कप तेल, थोडा व्हॅनिलाचा अर्क आणि शेवटी चाळलेला दीड कप मैदा. अंडे अर्थातच नाही. इडलीपात्राला तेलाचा हात लावून पीठ ओतले, वाफेचे पाणी ठिबकू नये म्हणून झाकणाला फडके बांधले आणि पंधरा मिनिटे उकडले. उकडलेल्या केकला भाजलेल्यासारखा तांबूस रंग येत नाही. पण वरून लोण्याचा लेप बसणार असल्यामुळे तो रंग पाहतो कोण?

लेपासाठी 200 ग्रॅम बिनमिठाचे लोणी आणि त्याच्या दुप्पट पिठीसाखर फेसली. केक पुरता निवल्याशिवाय लेप लावायचा नाही, नाहीतर लोणी वितळते. हे मी एक इडली वाया घालवून शिकलो. ती वाया गेलेली मीच खाल्ली. मंजिरीने पीठ थोडे जास्तच भिजवले होते, माझ्यासारख्या मदतनिसाचा हिशेब धरून. पिवळ्यात तांबड्याचे दोन थेंब पडले की वाघाचा नारिंगी रंग येतो. गाल आणि डोळ्यांभोवतीचा भाग पांढरा ठेवला. नाकाला बिटाच्या रसाचा गुलाबी रंग दिला. बीट आदल्या दिवशीच किसून ठेवले होते, हे सांगितलेले बरे.

डोळ्यांचे काम माझ्याकडे होते. मी काळ्या मनुका उभ्या लावल्या. चिमूने ताबडतोब हरकत घेतली, "बाबा, वाघाची बाहुली गोल असते. उभी असते ती मांजराची." पुस्तकात पाहिले, पोरीचे बरोबर होते. मनुका काढून चॉकलेटचे गोल ठिपके दिले, आणि पाहता पाहता आमच्या मांजराचा वाघ झाला.

राहिले पट्टे. काळा रंग वापरला तर मुलांच्या जिभा काळ्या होतात, म्हणून मंजिरीने चॉकलेट वितळवून कागदाच्या कोनात भरले. अगदी मेंदीचा कोन. पहिले चार पट्टे मी ओढले. वीस वर्षे उत्तरपत्रिकांवर रेघा मारणारा माझा हात. पट्टे अगदी सरळ आणि समांतर आले. चिमू म्हणाली, "बाबा, हे झेब्रा क्रॉसिंग आहे." माझ्याकडून कोन काढून घेण्यात आला.

तो आईने घेतला. आदल्या संध्याकाळी तिने चिमूच्या हातावर नागपंचमीची मेंदी काढली होती, तोच हात. पण केकवर टेकवताना मात्र तो थबकला. "बिघडलं तर?" ती म्हणाली. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईच्या तोंडून हा प्रश्न मी पहिल्यांदाच ऐकला.

"आजी, बिघडत नाही," चिमू म्हणाली. "कुठल्याच दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. आमच्या बाईंनी सांगितलंय. जंगलातले लोक पट्ट्यांवरूनच वाघ ओळखतात. तू काढशील तो आपला वाघ."

आईने कपाळावर तीन, गालांवर चार चार असे पट्टे काढले. मध्ये जाड, टोकाशी निमुळते, रांगोळीच्या वेलीसारखे वळलेले. मंजिरी शेजारी ताट धरून उभी होती. "आई, हा जरा खाली वळवा ना," ती म्हणाली, आणि आईने वळवला. मी भांडी घासायला घेतली. त्या घटकेला घरात माझा तेवढाच उपयोग होता.

संध्याकाळी मुले जमली. आधी औक्षण झाले. कुणीतरी सवयीने विचारले, "सुरी कुठे आहे?" चिमू ऐटीत म्हणाली, "आज कापायचं नाही. आज वाढायचं." आणि ती खरोखरच पंगतीत वाढावे तशी वाढू लागली. कडेचा एकेक केक हाताने अलगद सुटा करून ज्याच्या त्याच्या बशीत ठेवत होती. कपाळ गेले, गाल गेले, डोळेही गेले. पण एकदाही तिचा चेहरा उतरला नाही. वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्या दिवशी वाघोबाच निमूटपणे खाल्ले गेले.

शेवटी एक कान उरला. तो घेऊन चिमू आजीपाशी गेली आणि सहज विचारले, "आजी, तुझा वाढदिवस कधी असतो?"

"दाखल्यावर 1 जून आहे," आई म्हणाली. आम्ही सारे हसलो. त्या पिढीतल्या किती जणांना शाळेच्या मास्तरांनी 1 जूनला जन्माला घातले आहे, याची गणती नाही.

"पण खरा कधी?"

आई जरा थांबली. "श्रावणातला. नागपंचमीच्या पुढेमागे. माझी आई सांगायची, तू झालीस तेव्हा गावात झोके बांधले होते."

लेखकांच्या जन्मतारखा मला तोंडपाठ आहेत. दरवर्षी मी त्या वर्गात लिहून देतो, आणि विद्यार्थी चुकले तर गुण कापतो. पण ही एक गोष्ट मी इतक्या वर्षांत कधी विचारली नव्हती. मी खाली मान घालून बशा गोळा करू लागलो.

मंजिरी काही बोलली नाही. तिने निरांजन पुन्हा उजळले, मघाचाच पाट पुढे ओढला आणि म्हणाली, "आई, बसा." आई नको नको म्हणत बसली. मंजिरीने ओवाळले आणि चिमूने वाघाचा कान आजीला भरवला.

त्याही क्षणाचा फोटो आहे. तो थोडा हलला आहे. आईच्या नाकाला नारिंगी लोणी लागले आहे आणि तोंड भरलेले असल्यामुळे तिला हसताही येत नाही. हा फोटो मात्र मी सगळ्यांना दाखवतो.