भट्टीच्या वहीत तिचे नाव लिहा

मा. जिल्हाधिकारी, रायगड,
अलिबाग



मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात राहते. दिवाळी सरली की आमच्या भागातल्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. रोहा, पेण, सुधागडातली कुटुंबे वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, कुणी जिल्ह्यातच, कुणी थेट कर्नाटकात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. पावसाळ्यात हाताला काम नसते, तेव्हाच मालकाची उचल घेतलेली असते.

वीटभट्टीवर मजुरी जोडप्याची ठरते, हजार विटांमागे. नवरा साच्यात वीट पाडतो. बायको माती भिजवून गारा करते, तो वाहून आणते, विटा उलथून वाळवते, वाळलेल्या विटा डोक्यावरून नेऊन रचते. लेकरू झोळीत. त्याला पाजायला बसली की तेवढ्या विटा कमी भरतात. पाणी, सरपण, भाकऱ्या यांची तर गणतीच नाही. वहीत मात्र नाव एकट्या नवऱ्याचे आणि आठवड्याची खर्ची त्याच्याच हातात. हंगामाअखेर अंगावर बाकी निघाली, तर ती फेडायला पुढच्या वर्षी बायकोही जाते. कमाईत जिचे नाव नाही, ती कर्जात कशी येते?

वेठबिगारी निर्मूलनाचा आणि स्त्री-पुरुषांच्या समान वेतनाचा, असे दोन्ही कायदे देशाने 1976 साली केले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली, आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितले. मजुराने कर्ज वेठीचे आहे म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्याने मालकावर टाकली आहे. पण भट्टीवरच्या बाईने हे म्हणायचे कुणापुढे?

त्यासाठीच त्याच कायद्याने जिल्हा दक्षता समिती दिली आहे. तिचे अध्यक्ष आपण किंवा आपण नेमलेली व्यक्ती. तिच्यात जिल्ह्यातल्या अनुसूचित जाती-जमातींतल्या तीन व्यक्ती आपणच नेमायच्या असतात. त्यांपैकी दोन जागांवर भट्टीवर राबलेल्या कातकरी बाया नेमा. बैठकीची तारीख वाडीवाडीवर आधी कळवा. कुटुंबे निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीत प्रत्येक बाईची वेगळी नोंद घ्या आणि तिची मजुरी तिच्याच खात्यात पडते की नाही, हे हंगामात भट्टीवर जाऊन तपासा.

यंदाच्या दिवाळीआधी हे व्हावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
अष्टमीची एक रहिवासी