डिअरबॉर्न : महापौर आपला, पण घरची कमाई?

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न शहराची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते. भव्य मशीद, अरबी पाट्यांची दुकानं आणि २०२१ मध्ये निवडून आलेले अब्दुल्ला हम्मूद, म्हणजे तिथले पहिले अरब आणि पहिले मुस्लिम महापौर. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण तिथल्या लोकांची चूल कशावर पेटते, हे फारसं कुणी विचारत नाही.

२०२०च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती सुमारे १ लाख १० हजार. त्यातले निम्म्याहून जास्त लोक अरब मुळाचे: लेबनानी, येमेनी, इराकी. त्यांना इथे आणलं ते फोर्ड कंपनीच्या मोटार उद्योगाने. १९१४ मध्ये हेन्री फोर्डने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली, म्हणजे तेव्हाच्या जवळपास दुप्पट. पुढे शहरातल्या रूज कारखान्यात एकेकाळी लाखभर कामगार राबत. जेमतेम शिकलेला माणूसही तिथे घर चालवू शकत होता.

तो रस्ता आता अरुंद झाला आहे. यंत्रांनी माणसं कमी केली. २००७च्या करारात नव्या कामगारांना जुन्यांच्या निम्माच पगार ठरला. २०२३ मध्ये सुमारे सहा आठवड्यांच्या संपानंतर २५ टक्के वाढ मिळाली खरी, पण ती नोकरी हातात असलेल्यांना. कंपनीच्या मुख्यालयातल्या चांगल्या जागांना डिग्री लागते. उरलेल्यांसाठी पेट्रोल पंप, किराणा, हॉटेल, ट्रक.

परिणाम आकड्यांत दिसतो. शहरात चारपैकी जवळपास एक माणूस गरिबीत राहतो. देशाच्या सरासरीच्या साधारण दुप्पट. हिशोब सोपा आहे. २०२३ मध्ये मिशिगनची किमान मजुरी तासाला १०.१० डॉलर होती. आठवड्याला ४० तास, वर्षभर एक सुट्टी न घेता काम केलं तरी २१ हजार डॉलरच हाती येतात. चौघांच्या कुटुंबाची गरिबीची रेषा त्याच वर्षी सुमारे ३१ हजार. म्हणजे कमावता एक आणि खाणारे चार असतील, तर प्रामाणिकपणे मेहनत करूनही घर गरीबच. त्यात युद्धामुळे इराक-येमेनमधून आलेली कुटुंबं. इंग्रजी कच्ची, मायदेशातली डिग्री इथे सहज चालत नाही.

आणखी एक अडचण मोजणीची. अमेरिकेच्या सरकारी कागदांवर अरब माणूस वर्षानुवर्षे ‘गोरा’ म्हणून नोंदला गेला, त्यामुळे त्याची गरिबी गोऱ्यांच्या सरासरीत बुडाली. वेगळा रकाना ठेवण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. सच्चर समितीचा अहवाल वाचलेल्यांना याचं महत्त्व सांगायला नको: जे मोजलं जात नाही, त्यासाठी निधीही मागता येत नाही.

महापौर ईदची सुट्टी देऊ शकतो, रस्ते सुधारू शकतो. कारखान्याचा पगार त्याच्या हातात नसतो. म्हणूनच १९७१ पासून तिथे चाललेल्या ‘ॲक्सेस’ या संस्थेचं काम मोलाचं वाटतं: इंग्रजीचे वर्ग, कामाचं प्रशिक्षण, आरोग्यसेवा. अशा कामाचे फोटो फारसे फिरत नाहीत. पण गरिबीच्या रेषेखालचं घर वर येतं ते दुसरा कमावता हात तयार झाल्यावर, आणि तो हात बहुतेक वेळा शिकलेल्या मुलीचा किंवा मुलाचा असतो.