विश्लेषण : गेम छोट्या डेव्हलपरचा, मग विक्रीवर कार्ड कंपन्यांचा वचक कशासाठी?

दिवसा नोकरी, रात्री लॅपटॉपवर स्वतःचा गेम. जगभरातील अनेक स्वतंत्र गेम डेव्हलपर असेच काम करतात. मोठी कंपनी नाही, गुंतवणूकदार नाही. एक-दोन माणसे आणि काही वर्षांची मेहनत. नागपुरात मिहान किंवा आयटी पार्कमध्ये नोकरी करून असा गेम बनवू पाहणाऱ्या तरुणालाही तो विकण्यासाठी ‘स्टीम’ किंवा ‘इच’ याच ऑनलाइन दुकानांत जावे लागते. जुलै २०२५ मध्ये या दोन्ही दुकानांनी प्रौढांसाठीच्या अनेक गेमवर कात्री चालवली. ती ना न्यायालयाच्या आदेशाने चालली, ना कोणत्या सरकारच्या. हे कसे घडले आणि त्याचा आपल्याकडील डेव्हलपरशी काय संबंध, हे समजून घेऊ.

नेमके काय घडले?

सुरुवात ‘नो मर्सी’ या गेमपासून झाली. लैंगिक हिंसा दाखवणाऱ्या या गेमविरुद्ध ‘कलेक्टिव्ह शाउट’ या ऑस्ट्रेलियातील संघटनेने मोहीम उघडली. एप्रिल २०२५ मध्ये तो स्टीमवरून हटला. त्यानंतर, असे शेकडो गेम अजून विक्रीत असल्याचा दावा करत या संघटनेने जुलैमध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल आदी कंपन्यांच्या प्रमुखांना खुले पत्र लिहिले. या दुकानांचे पैशांचे व्यवहार थांबवा, अशी मागणी त्यात होती.

काही दिवसांतच स्टीमने नियमावलीत एक ओळ वाढवली. पेमेंट कंपन्या, कार्ड नेटवर्क आणि बँका यांच्या नियमांत न बसणारा मजकूर, विशेषतः काही प्रकारचा प्रौढ मजकूर चालणार नाही, असा तिचा आशय. त्यापाठोपाठ अनेक गेम हटवले गेले. २४ जुलैला इचने तर प्रौढ असा शिक्का असलेले सर्वच गेम शोध आणि यादीतून काढले. पाने डिलीट झाली नव्हती. पण दुकानाच्या फळीवरून माल उचलून गोदामात ठेवावा, तशी त्यांची अवस्था झाली. निर्णय तातडीने घ्यावा लागल्याने डेव्हलपरना आधी कळवता आले नाही, असे इचनेच मान्य केले. आठवडाभराने मोफत गेम पुन्हा दिसू लागले. पैसे मोजून घ्यायच्या गेमचा प्रश्न मात्र पेमेंट कंपन्यांशी सुरू असलेल्या चर्चेत अडकला.

‘प्रौढांसाठीचा गेम’ म्हणजे अश्लील गेमच का?

नाही, आणि इथेच खरी गल्लत झाली. या शिक्क्याखाली उघड लैंगिक दृश्यांचे गेम येतात. पण अत्याचारातून सावरणाऱ्या व्यक्तीची गोष्ट, समलिंगी नात्यांच्या कथा, देहव्यापार किंवा मानसिक आजारावरचे गेमही त्याच शिक्क्याखाली येऊ शकतात, कारण त्यांचे विषय लहान मुलांसाठी नसतात. इचवर हा शिक्का अनेकदा डेव्हलपर स्वतःच प्रामाणिकपणे लावतो. त्यामुळे सरसकट कारवाईत प्रामाणिक माणूस आधी सापडतो.

कॅनडातील डेव्हलपर कॅरा कॅडेव्हर यांचा ‘व्हाइल : एक्झ्यूम्ड’ हा भयपट शैलीतील गेम स्त्रीद्वेषाने पछाडलेल्या पुरुषाच्या डोक्यात डोकावतो. गेममध्ये उघड लैंगिक दृश्ये नाहीत, असे डेव्हलपरचे म्हणणे होते. तरी स्टीमने तो रोखला. ऑगस्टमध्ये तो मोफत देऊन टाकण्यात आला. गेम लोकांपर्यंत पोहोचला, पण त्यामागच्या मेहनतीचा मोबदला मिळण्याचा मुख्य रस्ता बंद झाला.

भारतातही असा विषय गेममधून आला आहे. कोलकात्याच्या कलाकार लीना केजरीवाल यांच्या मोहिमेतून २०१६ मध्ये ‘मिसिंग’ हा मोबाइल गेम आला. त्यात खेळणारा देहव्यापारासाठी पळवलेल्या मुलीच्या जागी असतो आणि सुटकेचा मार्ग शोधतो. केवळ शब्द पाहून चाळणी लावली, तर मुलींना वाचवू पाहणारा गेम आणि त्यांच्यावरील हिंसेचा तमाशा करणारा गेम एकाच टोपलीत पडतील.

हे लोक गेम बनवतात तरी कशासाठी?

पैसा हे एक कारण. पण केवळ पैशाच्या हिशेबाने पाहिले तर हा धंदा बेभरवशाचा. अमेरिकेतील एरिक बरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ साधारण साडेचार वर्षे खपून एकट्याने बनवला. चित्रे, संगीत, कोडिंग सारे त्यांचेच. २०१६ मध्ये तो आला आणि प्रचंड चालला. पण असे यश प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. तरीही लोक बनवतात, कारण त्यांना हवा असलेला गेम दुसरे कुणी बनवणार नसते.

महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण पुण्याचे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. भावाला असुरांपासून सोडवायला निघालेल्या राजी या मुलीची ही कथा. प्रसंग सांगायला छायाबाहुल्यांचा आणि दृश्यांना पहाडी चित्रशैलीचा आधार घेतलेला. २०१७ मध्ये लोकवर्गणीसाठी ‘किकस्टार्टर’वर केलेली मोहीम फसली, पण काम थांबले नाही. २०२० मध्ये गेम आला आणि ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. ‘राजी’ प्रौढ गटातला गेम नाही. मात्र, पुण्यात बनलेल्या गेमला जगभरातला ग्राहक अशा ऑनलाइन दुकानांतूनच मिळतो आणि त्या दुकानांचा गल्ला कार्डांवर चालतो, हे तो दाखवून देतो.

कार्ड कंपन्यांना हा अधिकार कुठून मिळाला?

ग्राहकाने गेम घेतला की पैसे थेट डेव्हलपरकडे जात नाहीत. मध्ये दुकान, पेमेंट प्रोसेसर, त्याची बँक आणि कार्ड नेटवर्क अशी साखळी असते. साखळीतील प्रत्येक जण पुढच्याच्या नियमांना बांधील. एका कडीने हात काढला, तर दुकानातील सगळीच विक्री धोक्यात येते. त्यामुळे दुकानदार काही गेमसाठी अख्खे दुकान पणाला लावत नाही.

गंमत अशी, की जबाबदारी घ्यायला कुणीच तयार नव्हते. आपण कोणत्याही गेमची तपासणी केली नाही, बंधने घाला असेही सांगितले नाही, कायदेशीर खरेदीला आपली हरकत नसते, असे मास्टरकार्डने १ ऑगस्टला जाहीर केले. त्यावर, मास्टरकार्ड थेट बोलले नाही, पण मधल्या प्रोसेसरनी त्यांच्याच ५.१२.७ या नियमाकडे बोट दाखवले, असे स्टीमची मालक कंपनी ‘व्हॉल्व्ह’ने सांगितले. हा नियम ब्रँडच्या प्रतिमेला बाधा आणणाऱ्या व्यवहारांबाबत आहे. थोडक्यात, गेम हटला. पण कुणी हटवला, हे विचारायला डेव्हलपरने जायचे कुठे, याचे उत्तर मिळाले नाही.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे आहे का?

पूर्णपणे नाही. बलात्काराला खेळ बनवणाऱ्या गेमवर महिला संघटनांनी आक्षेप घेणे स्वाभाविक आहे. दुकानाला आपल्याकडे काय विकायचे, हे ठरवण्याचा हक्कही आहे. प्रश्न पद्धतीचा आहे. नियम कोणता, तो कुणी मोडला, बाजू मांडायची कुठे आणि दाद मागायची कुणाकडे, यातील एकही गोष्ट स्पष्ट नव्हती.

याउलट ‘बलाट्रो’चे उदाहरण पाहा. टोपणनावाने काम करणाऱ्या एका डेव्हलपरने बनवलेला हा पत्त्यांचा गेम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. त्यात पैसे लावता येत नाहीत. तरी पोकरसारखी पाने दिसतात म्हणून युरोपच्या ‘पेगी’ या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेने त्याला १८ वर्षांवरील गटात टाकले आणि काही देशांत तो दुकानांतून तात्पुरता हटला. मात्र पेगीकडे लेखी निकष आणि तक्रार मंडळ होते. प्रकाशकाच्या अपिलानंतर फेब्रुवारी २०२५ मध्ये तो १२ वर्षांवरील गटात आला. वेळ लागला, पण चूक दुरुस्त झाली, कारण दार ठोठवायला जागा होती.

भारतात कायदा काय सांगतो?

इथे डेव्हलपरने अधिक सावध राहायला हवे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ नुसार अश्लील मजकूर ऑनलाइन प्रसारित केल्यास पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. उघड लैंगिक मजकुरासाठी कलम ६७ अ आहे. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ‘फक्त प्रौढांसाठी’ अशी पाटी लावली म्हणून या कलमांतून सुटका होत नाही. जुलै २०२५ मध्येच केंद्राने उल्लू, अल्टसह २५ अ‍ॅप आणि संकेतस्थळे रोखण्याचे आदेश दिले. पण सरकारी आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येते. परदेशी पेमेंट कंपनीच्या नियमाविरुद्ध तो मार्ग सोपा नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदाही संसदेत मंजूर झाला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आणली. असे गेम पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एकदा पैसे मोजून विकत घ्यायचा कथाप्रधान गेम या बंदीत येत नाही. तरी ‘गेमिंग’ म्हटले की सट्टा आठवणाऱ्या घरांत आणि बँकांत हा फरक डेव्हलपरला समजावून सांगावा लागू शकतो.

नागपुरातील डेव्हलपरने काय लक्षात ठेवावे?

- स्टीमवर प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर शुल्क आहे. ते भरण्याआधी मजकुराचे नियम वाचावेत.
- गेममधील प्रौढ विषयांची माहिती अर्जात खरी द्यावी. लपवलेले नंतर उघड झाले, तर बाजू मांडायलाही जागा उरत नाही.
- एकाच दुकानावर विसंबू नये. गेमच्या फायली, ग्राहकांशी संपर्क आणि स्वतःचे संकेतस्थळ आपल्या हाती असावे.
- उघड लैंगिक मजकूर असेल तर परदेशात विक्री करतानाही भारतीय कायद्याचा सल्ला घ्यावा.

पुढे काय?

या कारवाईविरोधात जगभरातील गेमरनी कार्ड कंपन्यांकडे फोन आणि ई-मेलचा धडाका लावला. ‘जीओजी’ या दुकानाने निषेध म्हणून प्रौढ विषयांवरचे १३ गेम काही काळ मोफत दिले. महाराष्ट्रानेही सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन आणि गेमिंग क्षेत्रासाठी २०५० पर्यंतचे ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. स्टुडिओ आणि प्रशिक्षणाला त्यातून बळ मिळेल. पण रात्री जागून एकट्याने गेम बनवणाऱ्याची गरज वेगळी आहे. त्याला हवी आहे ती नियमांची स्पष्ट यादी, गेम हटवण्याआधीची एक नोटीस आणि उत्तर देणारा एक पत्ता. अनुदानापेक्षा या गोष्टी स्वस्त आहेत. दरवर्षी नागपुरात भरणाऱ्या हिवाळी अधिवेशनात गेमिंगचा विषय निघाला, तर आमदारांनी या तीन गोष्टींबद्दलही विचारायला हरकत नाही.