भाषा, स्वायत्तता आणि लष्करी सत्ता

पूर्व पाकिस्तानातील लष्कराचे सेनापती जनरल नियाझी यांना १९७१ च्या युद्धानंतर युद्धकैदी म्हणून जबलपूरला ठेवण्यात आले होते. या घटनेकडे केवळ विजयाची खूण म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु जबलपूर हे १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या एका प्रांतातील शहर होते. त्या दृष्टीने पाहिल्यास वेगळाच प्रश्न उभा राहतो.

भाषिक अस्मितेला मोकळीक दिली की राष्ट्र फुटते, असे मानणारे विद्वान बांगलादेशाचा दाखला देतात. हे मत घटनाक्रमाशी जुळत नाही. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात गोळीबार झाला हे खरे. पण १९५६ च्या संविधानाने उर्दूबरोबर बंगालीलाही राजभाषा म्हणून मान्यता दिली. प्रश्न केवळ भाषेचा असता, तर तो तेथेच मिटावयास हवा होता. शेख मुजीबुर रहमान यांनी १९६६ साली मांडलेल्या सहा कलमांत भाषेची मागणी नाही. संघराज्य, करआकारणी, चलन, परकीय चलनाचा हिशेब आणि प्रांताचे स्वतःचे संरक्षक दल, हे त्यांचे विषय आहेत.

मधल्या दहा वर्षांत काय घडले? १९५५ साली पश्चिमेकडील प्रांत एकत्र करून पूर्वेच्या बहुसंख्येला समसंख्येत बसविण्यात आले. ऑक्टोबर १९५८ मध्ये लष्करी कायदा आला आणि होऊ घातलेली सार्वत्रिक निवडणूक बुडाली. अयूबखानांच्या ‘मूलभूत लोकशाही’त राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क ऐंशी हजार प्रतिनिधींपुरता उरला. राजकारणाची दारे बंद झाली, तेव्हा त्याचा भार गीतांवर व नाटकांवर पडला. १९६१ ची रवींद्र-जन्मशताब्दी आणि १९६७ चा नभोवाणीवरील रवींद्रसंगीताचा वाद यांना जे राजकीय तेज चढले, ते कवींनी चढविलेले नव्हे. ते सत्तेने चढविले. अखेर डिसेंबर १९७० मध्ये मतदान झाले, तेव्हा पूर्वेतील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० अवामी लीगला मिळाल्या. आणि त्या कौलाला मार्च १९७१ मध्ये बंदुकीने उत्तर देण्यात आले.

आपल्याकडे सारे सौम्यपणे झाले, असा गर्व मराठी माणसाने करू नये. १९५६ साली जुन्या मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर मागे राहिले. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरांहून अधिक माणसे बळी पडली. फरक इतकाच, की १९५७ ची निवडणूक कोणी रद्द केली नाही. रस्त्यावरचा क्षोभ मतपेटीत उतरू शकला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. जबलपुरात राहिलेल्या मराठी भाषिकांची गाऱ्हाणी असतील. पण ती मांडण्यास विधानसभा आणि न्यायालय होते. तेवढ्याने भाषा टिकतेच असे नाही, परंतु देश टिकतो.

म्हणून एकविसाव्या फेब्रुवारीचे साहित्य केवळ मातृभाषेच्या भक्तीचे साहित्य म्हणून शिकविणे अपुरे आहे. मुनीर चौधुरी यांनी ‘कबर’ हे नाटक १९५३ साली तुरुंगात लिहिले; १४ डिसेंबर १९७१ रोजी मारेकऱ्यांनी त्यांना घरातून नेले. या दोन तारखांच्या मधील संविधाने, रद्द झालेल्या निवडणुका आणि फेटाळलेल्या मागण्या वाचल्यावाचून ते नाटक पुरते वाचले, असे म्हणता येणार नाही. भाषेने राष्ट्र फोडले नाही. भाषिकांचा कौल नाकारणाऱ्यांनी ते फोडले. भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना हा भेद नजरेआड करता येणार नाही.