तक्रारीची पोच

भोरच्या बैठकीत भाताच्या भावावर आणि धरणाच्या पाण्यावर बोलायचे ठरले होते. दुपारच्या जेवणापर्यंत बोलणे झाले ते पोलीस ठाण्यावर. विषय काढला वेल्ह्याकडच्या एका तात्यांनी. (त्या तालुक्याला आता राजगड म्हणतात, आमच्या तोंडात अजून वेल्हेच बसले आहे.) त्यांच्या शेजारची जमीन शहरातल्या एका माणसाने फार्महाऊससाठी घेतली आणि तारेचे कुंपण थेट वहिवाटीच्या वाटेवर घातले. तात्या ठाण्यात गेले. "ही दिवाणी बाब आहे, तहसीलदाराकडे जा," असे सांगून त्यांना वाटेला लावले. आठ दिवसांनी कुंपणवाल्याने तक्रार केली. तेव्हा त्याच ठाण्याने तात्यांना बोलावून सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बाकड्यावर बसवून ठेवले. आठ दिवसांत दिवाणीची फौजदारी कशी झाली, असे त्यांनी विचारले. त्यावर मिळालेले उत्तर इथे छापण्यासारखे नाही.

आम्ही विचारले, तात्या, पहिल्या दिवशी अर्ज दिलात त्याची पोच कुठे आहे? पोच नव्हती. अर्जच तोंडी होता. बाकड्यावर बसवल्याची नोंद? ती कोण करणार. म्हणजे कागदाच्या हिशेबाने तात्या त्या ठाण्यात कधी गेलेच नाहीत.

मग आम्ही सगळ्यांनाच विचारले की, ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच ज्यांच्या घरी आहे त्यांनी हात वर करा. मांडव भरलेला होता, हात दोन वर आले.

या पत्रकाचे बहुतेक वाचक ज्वारी-कपाशीचे आहेत. भातवाल्यांच्या वाटेचे भांडण आपल्याला कशाला, असे कुणी म्हणेल. पण विहिरीवरची मोटार चोरीला गेली, सावकाराने दार ठोठावले किंवा व्यापाऱ्याने कापसाचे पैसे बुडवले, की कोरडवाहू शेतकऱ्यालाही त्याच पायऱ्या चढाव्या लागतात. आणि आंदोलनात समोर उभा असतो तोही याच खात्याचा माणूस. १० डिसेंबर १९८६ ला आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सुरेगावला कापसाच्या भावासाठी बसलेले तीन शेतकरी पोलिसांच्या गोळ्यांनी गेले. ९ ऑगस्ट २०११ ला आमच्याच पुणे जिल्ह्यात मावळातल्या बऊरजवळ, पवनेच्या बंद जलवाहिनीला विरोध करताना आणखी तीन गेले, त्यांत एक बाई होती. मावळला कॅमेरे होते, गोळीबार राज्याने घरात बसून पाहिला, आणि न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. सुरेगावला कॅमेरा नव्हता.

गोळीबाराची निदान चौकशी तरी होते. रोजच्या बाकड्याची होत नाही, आणि आमचे म्हणणे त्या बाकड्याबद्दल आहे.

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो, त्यामुळे उदाहरण शेतातलेच सुचते. गुलाबी बोंडअळीसाठी कपाशीत कामगंध सापळे लावतात. एका रात्री एक पतंग सापडला म्हणून कोणी फवारणी करत नाही. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग सापडले की समजायचे, अळीने नुकसानीची पातळी गाठली. हा निर्णय वहीवरून होतो. वहीच ठेवली नाही तर बोंड फोडल्यावरच कळते, आणि तोवर हंगाम गेलेला असतो. ठाण्याविरुद्धची एकेक तक्रार त्या एकेका पतंगासारखी आहे. ती एकटी खोटी असू शकते, रागातून केलेली असू शकते. बांधाच्या भांडणात शेजाऱ्याला अडकवायला खोटे अर्ज आपणही करतो, हे कबूल करायला लाज कशाला? पण एकाच अंमलदाराविरुद्ध तीन ठाण्यांत सारखीच तक्रार झाली असेल, तर तो योगायोग नसतो. आज घडते काय, तर त्याची बदली होते. बोभाटा जुन्या तालुक्यात राहतो, माणूस नव्या तालुक्यात कोऱ्या पाटीने हजर होतो. बियाण्याच्या पिशवीवरसुद्धा लॉट नंबर आणि उगवणशक्ती छापावी लागते.

अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात मे २०२० मध्ये ज्या पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून त्याचा जीव घेतला, त्याच्या नावावर आधीच डझनाहून जास्त तक्रारी होत्या. बहुतेक कारवाईविना मिटल्या होत्या. सापळा भरला होता, मोजणारा नव्हता. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने १९७६ पासून पोलिसांच्या शिस्तभंगाचे कागद झाकून ठेवणारे आपले कलम जून २०२० मध्ये रद्द केले. पोलीस संघटना कोर्टात गेल्या, पण हरल्या. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क शहराच्या नागरी तक्रार मंडळाने अंमलदारांवरच्या तक्रारींचा इतिहास नावानिशी लोकांसमोर ठेवला.

आपल्याकडे उलटी वाट आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गिरीश देशपांडे प्रकरणात निकाल दिला की, सरकारी नोकराला मिळालेले मेमो, नोटिसा आणि शिक्षा ही त्याची व्यक्तिगत माहिती आहे. मोठे सार्वजनिक हित दाखवल्याशिवाय ती माहितीच्या अधिकारात मिळणार नाही. ते प्रकरण प्रॉव्हिडंट फंडाच्या अधिकाऱ्याचे होते, पण दाखला प्रत्येक खाते देते. पुढे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले तेच कलम आणखी घट्ट केले. सार्वजनिक हिताची एक वेगळी फट अजून शिल्लक आहे. तात्यांनी त्या फटीतून जायचे म्हणजे आधी वकील गाठायचा.

कायदा मात्र कागदावर आहे. उत्तर प्रदेशाचे माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला सांगितले की, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात प्राधिकरण नेमा, आणि त्याची शिफारस खात्यावर बंधनकारक ठेवा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती केली आणि करता करता दोन्ही गोष्टी पातळ केल्या. जिल्ह्याच्या जागी महसूल विभाग आणला. वरिष्ठ निरीक्षकापर्यंतच्या पोलिसांची तक्रार विभागीय प्राधिकरणाकडे, उपअधीक्षकापासून वरची मुंबईच्या राज्य प्राधिकरणाकडे. भोर-वेल्हेकराला पुणे हेच जिल्ह्याचे आणि विभागाचे ठिकाण, त्यामुळे आम्हाला हा फरक जाणवत नाही. पण किनवटच्या कपाशीवाल्याला नांदेड ओलांडून छत्रपती संभाजीनगर गाठायचे आहे, तीनशे किलोमीटरच्या वर. वणीवाल्याला अमरावती, गडचिरोलीवाल्याला नागपूर. ठाण्यात मार खाल्लेला माणूस एवढ्या खेपा घालील, असे ज्यांना वाटले त्यांनी एस.टी.चे तिकीट कधी काढले नसावे.

दुसरी पातळाई जास्त वाईट आहे. न्यायालय म्हणाले होते बंधनकारक; कायदा म्हणतो, अपवादात्मक प्रसंगी कारणे लिहून सरकार अहवाल नाकारू शकेल. ज्याच्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हातात शेवटचा शिक्का.

तरीही हे दार आपण ठोठावले पाहिजे. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, रीत सोडून केलेली अटक, लाच, खंडणी एवढेच त्या कायद्यात नाही. जमीन किंवा घर बळकावणे हेही त्यात स्पष्ट शब्दांत आहे. भोर-वेल्ह्यात हे कलम प्रत्येक गावाच्या पारावर लिहून ठेवावे.

पण तिथे जायला कागद लागतो, आणि कागद पहिल्या दिवसापासून लागतो. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली तरी पोलिसांनी ती लिहून, वाचून दाखवून सही घ्यायची आणि नक्कल फुकट द्यायची, हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमात आहे. नकार दिला तर तीच हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, तिथेही हलले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करा. पोस्टाची पावती हीच आपली पोच. साठीच्या पुढच्या पुरुषाला आणि कोणत्याही बाईला साक्षीदार म्हणून चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनीच घरी यायचे आहे. इतरांना बोलावतानाही लेखी आदेश हवा. (तात्या सत्तरीचे आहेत.) अटक झाली तर अटकेच्या कागदावर घरच्या किंवा गावच्या माणसाची साक्ष आणि पोलिसाच्या छातीवर वाचता येईल असे नाव, हे डी. के. बसू प्रकरणात १९९६ सालीच ठरले आहे. आणि डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष ठेवायचे आहे. बाकड्यावर बसवल्याची नोंद डायरीत नसली तरी कॅमेऱ्यात असू शकते. म्हणून तारीख आणि वेळ घालून चित्रण राखून ठेवण्याचा लेखी अर्ज लगेच द्यायचा.

आमची पोलिसांशी दुष्मनी नाही. हवालदार आपल्याच घरातला आहे. दोन एकरांत भागेना म्हणून भरतीला पळाला. बारा-बारा तास बंदोबस्त करतो, पावसाळ्यात गडावरच्या पर्यटकांची गर्दी आवरतो. त्याच्या ठाण्यातला एकजण हात ओला करून घेतो, तेव्हा शिव्या सगळ्यांना बसतात. अंमलदारनिहाय नोंद खुली झाली तर सर्वांत आधी सुटका या सरळ माणसाची होईल.

म्हणून आमच्या दोन मागण्या आहेत. तक्रार प्राधिकरण न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे जिल्ह्यात आणा. आणि प्रत्येक ठाण्याविरुद्ध वर्षात किती तक्रारी आल्या, किती खऱ्या निघाल्या, कारवाई काय झाली, हे दरवर्षी त्या ठाण्याच्या फलकावर लावा. सरकार हे करील तेव्हा करील, आपली वही आपण आजपासून ठेवू. प्रत्येक तालुक्याने दोनशे पानी एक वही घ्यावी. त्यात ठाणे, तारीख, वेळ, अंमलदाराचे नाव, काय सांगितले, पोच मिळाली की नाही, एवढे रकाने. ऐकीव गोष्ट लिहायची नाही. ज्याची तक्रार त्याचीच सही, आणि खोटी निघाली तर लाल शाईने तसे लिहायचे.

भोरच्या वहीचे पहिले पान तात्यांचे आहे. त्यांचा अधीक्षकांना अर्ज आणि चित्रणाची मागणी बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी पोस्टात पडली, पावती पानाला टाचली आहे. पुढच्या बैठकीला येताना बाकीच्या तालुक्यांनी आपापल्या वह्या आणाव्यात.