फितीबरोबर रजाही हवी

ऑक्टोबरमध्ये कार्यालयांत गुलाबी फिती लागतात, डॉक्टरांचे व्याख्यान होते. भारतीय महिलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगाविषयी उघडपणे बोलले जाते, हे चांगलेच. पण स्तनात गाठ हाताला लागूनही तपासणी पुढे ढकलली जाते, त्यामागे नेहमी अज्ञानच नसते. रजा मिळेल का, नोकरी टिकेल का, ही धास्तीही असते.

ही दिरंगाई महागात पडते. टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईतील सुमारे दीड लाख महिलांचा 20 वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशी गाठलेल्या महिलांमधील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले.

निदानानंतरचा प्रश्न कामाच्या ठिकाणीच सुटतो. केमोथेरपी ठरावीक अंतराने काही महिने चालते; रेडिएशनसाठी काही आठवडे जवळपास रोज जावे लागते. त्यामुळे तारखांनुसार रजा, लवचिक वेळा आणि शस्त्रक्रियेनंतर काही काळ जड कामातून सूट हवी. आजाराची माहिती तिच्या संमतीशिवाय इतरांना कळता कामा नये.

कर्मचारी राज्य विमा योजनेत पात्र कामगाराला कर्करोगासाठी दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या 80 टक्के लाभ मिळू शकतो. अनेकींना हे ठाऊकच नसते. वेतनमर्यादेवरच्या नोकरदार आणि घरकामगार महिला तर योजनेबाहेरच राहतात. त्यांचा भार मालकाच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. व्याख्यानाच्या दिवशीच रजेचे लेखी नियम सूचनाफलकावर लागले, तर गाठ लपवण्याचे एक कारण तरी कमी होईल.